अक्काने वाचायची राहिलेली कादंबरी

सेतुमामा गेल्याची बातमी विनिपेगच्या एका वर्तमानपत्रात आली, ती तिकडच्या कोणीतरी मला फोनवर पाठवली. अम्मा तेव्हा अंगणात ऊन खात बसली होती. मी तिला वाचून दाखवली. मथळाच असा होता की स्थलांतरित कवी, कादंबरीकार आणि प्राध्यापक यांचं निधन.

"स्थलांतरित म्हणजे काय रे, रघू?"

"गाव सोडून दुसरीकडे गेलेला."

"जन्मभर तिथे शिकवलं ना त्याने? मेल्यावर सुद्धा तेच लिहिलं?"

मामा असता तर खूश झाला असता. त्याची हीच तक्रार त्याने तिकडे अनेक सभांत, अनेक शब्दांत मांडली होती. अम्माने ती एका वाक्यात उरकली. पण या बहीणभावांचं सगळं असंच. तो पानंच्या पानं लिहायचा आणि ती एका वाक्यात संपवायची, आणि मग तो चिडायचा.

मला त्याच्यावर लिहायला सांगितलंय माझ्या बायकोने, वैशालीने. ती सांगलीची. आम्ही तंजावरचे मराठी. घरात मराठी बोलतो, पण लिहितो-वाचतो तमिळ. देवनागरी वाचणारा आमच्या खानदानात मी एकटा, तोही बँकेने सोलापूरला बदली केली म्हणून. तिथे मी भाकरी खायला शिकलो, देवनागरी शिकलो आणि लग्न करून आलो. तेव्हा या लिखाणात जे शुद्ध असेल ते वैशालीचं आणि बाकीचं माझं, असं समजावं. ती म्हणते, "तुम्ही बोलता तसं लिहा, मी बघते काय करायचं ते." आमचा संसारही साधारण याच पद्धतीने चाललाय.

सेतुमामा अम्माचा धाकटा भाऊ. उंच, किंचित वाकलेला, आणि तंजावरच्या उकाड्यात गळ्याला मफलर. मफलरचं कारण विचारलं तर म्हणायचा, "तिकडे इतकी वर्षं गळा झाकलाय की आता उघडा पडला तर मला माझाच आवाज ओळखू येत नाही." हातात कायम लाल पेन्सिल. हॉटेलात बसला की यादीतल्या चुका दुरुस्त करायचा. लग्नात जेवायला बसला की पानातल्या आंबट भाताचा एक घास घेऊन म्हणायचा, "चांगला आहे. पण हा पहिला मसुदा." मंत्र्याचं भाषण, आमच्या घराचा नवा रंग, माझी मुलगी आणि एकदा तर मी, सगळे पहिले मसुदे. मी त्याला विचारलं, "मामा, माझा दुसरा मसुदा कधी?" तो माझ्या पोटाकडे बघून म्हणाला, "तुझ्यात आता फक्त काटछाट शक्य आहे."

त्याने इंग्रजीत कवितांची बरीच पुस्तकं लिहिली आणि कादंबऱ्या लिहिल्या. तिकडे त्याला मान होता, विद्यार्थी होते, सभेत उभं राहून टाळ्या वाजवणारे लोक होते. कविता तंजावरच्या, कादंबऱ्या तंजावरच्या. मेल वीधी या रस्त्यावरचं आमचं घर, मागची विहीर, तिरुवैयारूचा नदीकाठ, माझ्या आजीची खोकल्याची उबळ, सगळं त्यात होतं म्हणे. म्हणे, कारण आम्ही कोणीच ते वाचलं नव्हतं. मी एक कादंबरी सुरू केली होती. पहिलंच वाक्य इतकं लांब होतं की मी क्रियापदापर्यंत पोचेपर्यंत माझं रात्रीचं जेवण आलं.

न वाचल्याचा राग त्याला होताच, पण त्याहून मोठा राग आम्ही त्या पुस्तकांचं जे केलं त्याचा होता. नवं पुस्तक पोस्टाने आलं की अम्मा ते देवापुढे ठेवायची, मुखपृष्ठाला हळदकुंकू लावायची आणि मग देवघराच्या फळीवर नीट रचून ठेवायची. तिथून ते कधीच खाली यायचं नाही. फक्त नवरात्रात एक पुस्तक उतरायचं. आमच्याकडे नवरात्रात पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या ठेवतात, त्याला कोलू म्हणतात. त्यात वाण्याची आणि वाणिणीची जोडी असते, मान हलवणारी नाचरी असते, लग्नाची वरात असते. या सगळ्यांत मामाची कादंबरी उभी. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना अम्मा सांगायची, "हे आमच्या सेतूचं." बायका नमस्कार करायच्या. एकदा मामा नेमका नवरात्रात आला. बघतो तर त्याचं पुस्तक वाणिणीच्या मांडीला टेकलेलं, आणि वाणिणीसमोर खऱ्या तुरीच्या डाळीच्या ढिगल्या.

"अक्का! हे वाचायला पाठवलं होतं मी!"

"मान दिलाय त्याला. कोणाच्या भावाचं पुस्तक कोलूत असतं, सांग बघू?"

"कोणाचंच नसतं! कारण बाकीच्यांच्या बहिणी वाचतात!"

"ऐयो, ओरडू नकोस. बायका येतायत. मफलर काढ आणि सुंडल खा." सुंडल म्हणजे हरभऱ्याची उसळ. मामाने ती खाल्ली, रागारागात, दोन वाट्या.

खरं सांगायचं तर त्याला आम्हा बाकीच्यांनी वाचलं काय नि नाही काय, फारसा फरक पडत नव्हता. त्याला एकच वाचक हवा होता. अम्मा, म्हणजे त्याची पद्माक्का. शाळेत असताना त्याचे निबंध तीच लिहून द्यायची. ती गोष्टी रचायची आणि हा त्यांवर बक्षीस घेऊन यायचा. तिला पुढे शिकायचं होतं; मास्तर घरी येऊन सांगून गेले होते. पण आजीचं एक अंग लुळं पडलं आणि कोणीतरी घरी राहायला हवं होतं. कोणी राहायचं हे कोणी कोणाला विचारलं नाही. अम्मा राहिली. माझे अप्पा जवळच्या ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत होते, तेही सासुरवाडीतच राहायला आले. आणि सेतुमामा आधी मद्रासला आणि मग कॅनडाला गेला.

या सगळ्यावर त्याने एक कादंबरी लिहिली होती. तिकडे तिचं सर्वांत जास्त कौतुक झालं. ती अक्काने वाचावी, वाचून काहीतरी म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. ती पुरी करायला त्याने आयुष्याची शेवटची वर्षं घातली, आणि त्या काळातला मामा जवळ बसण्याच्या लायकीचा नव्हता.

अम्माला इंग्रजी पाकिटावरचा पत्ता वाचण्यापुरतं येतं. मी सुचवलं, "तमिळमध्ये भाषांतर करून घ्या. ती तमिळ मासिकं भराभर वाचते."

"अक्काशी मी जन्मात तमिळमध्ये बोललो नाही. आता दुभाष्या घालून बोलू?"

मग आपल्या मराठीत लिहायचं ठरलं. ती तिथे चालते का ते बघायला तो पुण्याला एका साहित्याच्या कार्यक्रमाला गेला, मला सोबत घेऊन. तिथे तो आमच्या मराठीत बोलला. मराठी जुनी, हेल तमिळ. आपले वडील गेल्याची तार विनिपेगच्या बर्फात कशी मिळाली आणि परत यायला कसं जमलं नाही, हे त्याने सांगितलं. मी मागच्या रांगेत डोळे पुसत होतो. पुढच्या रांगा हसत होत्या. वाईट हेतूने नव्हे. बोबडं बोलणाऱ्या मुलाकडे बघून हसतात तशा. संपल्यावर एक बाई लगबगीने आल्या आणि म्हणाल्या, "किती गोड बोलता हो तुम्ही! ऐकतच राहावंसं वाटतं!"

परतीच्या गाडीत तो पार सोलापूरपर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, "माझा बाप मेला, रघू. आणि ती म्हणाली गोड."

"प्रेमाने म्हणाल्या त्या, मामा."

"त्याचाच त्रास आहे. तिकडे मी इंडियन. चेन्नईत मराठी राव. पुण्यात आलो तर मी जिलबी!"

मी जिलबीवर हसलो. हसायला नको होतं हे माझ्या लक्षात आलं, पण तोवर डब्यातले आणखी दोघे हसले होते.

आल्यावर त्याने सगळी कादंबरी पुन्हा लिहायला घेतली, आमच्या मराठीत, पण तमिळ अक्षरांत. आमच्याकडे हे नवीन नाही. आजीचे पदार्थ, देवीच्या आरत्या, सगळं असंच लिहिलेलं असायचं, कारण अक्षरं येतात ती तमिळ. सकाळी तो तिण्णैवर, म्हणजे आपल्या ओट्यावर, बसायचा आणि मोठ्याने म्हणत लिहायचा. अम्मा आत तांदूळ निवडता निवडता ऐकत असणार असं त्याला वाटायचं, म्हणून तो महत्त्वाची वाक्यं जरा जोरात म्हणायचा. आतून आवाज यायचा, "सेतू, शेजारी लहान मूल झोपलंय!"

लिहून झाली आणि छापायला कोणी तयार होईना. चेन्नईच्या प्रकाशकाने दोन पानं वाचली आणि म्हणाला, "सर, अक्षरं आमची आहेत, पण हे म्हणतंय काय?" पुण्याच्या प्रकाशकाने उलट कळवलं की भाषा आपलीच आहे असं ऐकतो, पण ही अक्षरं कुठली? मामा त्या दिवशी घरभर फिरत होता. "जगात एक पुस्तक आहे, रघू, जे वाचू शकणारे समजू शकत नाहीत आणि समजू शकणारे वाचत नाहीत. आणि ते मी लिहिलंय! इतकं शिकून!"

शेवटी आमच्याच गावातल्या एका छापखान्याने ते काम घेतलं. हा छापखाना लग्नपत्रिका छापणारा. मालक वेलू भला माणूस, पण त्याला पुस्तक म्हणजे जाडसर लग्नपत्रिका. मामा रोज तिथे जाऊन उभा राहायचा आणि रोज भांडून यायचा. त्याचं विमान होतं विजयादशमीच्या रात्री, तिरुचीहून. आणि नवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. छापखान्याचं यंत्रसुद्धा त्या दिवशी चंदन लावून गप्प बसतं. "नवमीच्या आधी हवं," मामा म्हणायचा. "होतंय सर," वेलू म्हणायचा.

नवमीच्या सकाळी रिक्षातून गठ्ठा आला. मामा गठ्ठा उघडायला स्वतः कात्री घेऊन बसला. पहिलं पुस्तक हातात घेतलं आणि त्याचा चेहरा बदलला. पुस्तकाच्या चारही कोपऱ्यांना, लग्नपत्रिकेला लावतात तशी, हळद लावलेली होती. दुसऱ्यालाही. सगळ्या गठ्ठ्याला. मुखपृष्ठावर वरती छोटा गणपती.

मामाने तिथल्या तिथे फोन लावला. "वेलू! यात तीन मरणं आहेत! हळद कसली लावलीस?"

फोनमधून आवाज मला सुद्धा ऐकू आला. "पहिलं पुस्तक आहे ना सर. शुभ कार्य."

"माझं हे पहिलं पुस्तक नाही!"

"आमचं पहिलं, सर."

मामाने फोन ठेवला. मग गठ्ठ्यातलं सर्वांत कमी पिवळं पुस्तक निवडून आत घेऊन गेला. "अक्का, हे घे. आता अक्षरं तुझी, भाषा तुझी. आता निमित्त नको."

अम्माने हात धुतले, पदराला पुसले, पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि थेट देवापुढे ठेवलं.

"अक्का!"

"आज सरस्वतीची पूजा आहे. आज पुस्तकं पूजेला. आज वाचायचं नसतं, माहीत नाही तुला? एवढा प्राध्यापक झालास."

"उद्या रात्री मी जातोय!"

"सेरि, बरं. उद्या सकाळी उघडते. उद्या तर वाचायलाच लागतं."

नियम तसाच आहे. नवमीला पुस्तकाला हात लावायचा नाही आणि दशमीला काहीतरी वाचलंच पाहिजे. मामाने तो दिवस कसा काढला ते मी पाहिलंय. दर थोड्या वेळाने देवघराच्या दारात जाऊन उभा राहायचा. देवाचं दर्शन घेतोय असं वैशालीला वाटलं. तिने कौतुकाने मला सांगितलं, "मामा किती भाविक आहेत!"

दशमीच्या सकाळी अम्मा न्हाली, पूजा आटोपली, चष्मा लावला आणि खांबाला टेकून पुस्तक घेऊन बसली. मामा समोरच्या खुर्चीत. मी स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होतो. ते काम मी मुद्दाम तेव्हा काढलं होतं हे कबूल आहे. अम्माने पुस्तक उलटं केलं आणि शेवटचं पान उघडलं.

"अक्का, पुढून," मामा म्हणाला.

"शेवट चांगला आहे की नाही ते बघितल्याशिवाय मी कुठलीच गोष्ट सुरू करत नाही. मासिकातली सुद्धा नाही. शेवट वाईट असला तर एवढं वाचून काय करायचं?"

ती वाचत होती, ओठ हलवत. मग तिने चष्मा वर केला. "ही पद्मा कोण?"

"तू."

"मी कुठे आहे? खिडकीत उभी आहे म्हणे, बाहेर बर्फ."

"विनिपेगला. अक्का, यात मी बदललंय. यात तू शिकायला गेलीस. तू प्राध्यापक झालीस, तू पुस्तकं लिहिलीस. मी घरी राहिलो. मी आईला सांभाळलं."

"तू?" अम्माने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुला भात उपसता येतो का?"

"कादंबरीत येतो."

"आणि याचं काय?" तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"रघू त्यात नाही. तुझं लग्नच होत नाही त्यात."

मी स्टुलावर जरा तोल सावरला. कुठलाही समीक्षक माझ्याशी इतकं निष्ठुर वागला नव्हता. मामाने मला मसुद्यातूनच काढून टाकलं होतं. अम्मा माझ्याकडे बघत राहिली, मग पुस्तकाकडे.

"मला विचारलंस का, त्या थंडीत पाठवताना?"

"अक्का, तुला न्यायचं होतं तिथे. तुझं होतं ते. मी घेतलं ते सगळं तुझं होतं."

तिकडच्या मोठ्या सभांत त्याने हेच सुंदर इंग्रजीत सांगितलं होतं आणि लोक उभे राहिले होते. अम्मा उभी राहिली नाही. तिने बोटाने पानाच्या शेवटच्या ओळीवर टिचकी मारली.

"आणि मग परत का येत नाही मी?"

"काय?"

"बर्फ बघत उभी आहे आणि गोष्ट संपली. घरी का येत नाही?"

"तो शेवट आहे, अक्का. त्या शेवटाचं तिकडे फार—"

"तिकडचं राहू दे. मी हे वाचणार नाही. परत आण मला, मग वाचते."

"छापून झालंय!"

"खाली अर्धं पान मोकळं आहे." ते खरं होतं, लग्नपत्रिकेसारखी वेलूने शेवटी ऐसपैस जागा सोडली होती. "तिथे लिही."

एका शब्दासाठी संपादकांशी महिनोन् महिने भांडलेला माणूस तो. मला वाटलं, आता हा पुस्तक फेकून देणार. त्याने मफलर काढला, गोळा करून बाजूला ठेवला. मग खिशातून पेन काढलं आणि अम्माच्या शेजारी जमिनीवर बसला, गुडघे कुरकुरत.

"सांग. कशी येतेस?"

"रेल्वेने. विमानातून उतरून मद्रासहून. दिवसाच्या गाडीने नको, ती फार उशीर करते. तंजावरच्या आधी पापनाशम आलं की उठायचं, तोंड धुवायचं, केस नीट करायचे."

"अक्का, लेखक कोण आहे?"

"तूच आहेस. लिही."

तो लिहीत होता. बारीक अक्षरात, दात ओठ खात. "पुढे?"

"पुढे तंजावर. स्टेशनवर कोण येतं मला आणायला?"

त्याचं पेन थांबलं. तो जितक्या वेळा आला तितक्या वेळा अम्मा स्वतः स्टेशनवर गेली होती, पाय दुखायला लागले तरी. हे मला तेव्हा आठवलं. त्याला आधीच आठवलं असावं.

"मी येतो," तो म्हणाला.

"मग तसं लिही. रिक्षा पाठवली असं लिहू नकोस. स्वतः आला असं लिही."

त्याने लिहिलं. तिने पुस्तक हातातून ओढून घेतलं, चष्म्याजवळ नेऊन ते सगळं वाचलं, एका ठिकाणी मान हलवली, आणि काही न बोलता पुस्तक सरळ केलं. पहिलं पान उघडलं. मामा जमिनीवरून उठायला विसरला. मी हात दिला तेव्हा उठला.

दुपारचं जेवण तिने वैशालीला करायला लावलं, हे आमच्या घरात दसऱ्याला पूर्वी कधी घडलेलं नाही. संध्याकाळी तिरुचीला जायला गाडी आली. सामान चढलं. मामा दारात उभा राहिला. अम्मा आता तिण्णैवर उजेडात येऊन बसली होती, पुस्तक मांडीवर.

"अक्का, येतों गं."

तिने मान वर न करता हात हलवला, माशी उडवावी तसा. "सेरि, सेरि. ये."

मामा तिथेच खोळंबला. पुढे काहीतरी येईल असं त्याला वाटत होतं. काही आलं नाही. तो गाडीत माझ्या शेजारी येऊन बसला तो धुमसतच.

"बघितलंस? फाटकापर्यंत येते दर वेळी. डबा देते. रडते सुद्धा. आज वरसुद्धा बघत नाही!"

गाडी कोपऱ्यावर आली तेव्हा त्याने ड्रायव्हरला तमिळमध्ये थांबायला सांगितलं. काच खाली केली आणि मान बाहेर काढून मागे बघत राहिला. मागच्या रिक्षावाल्याने भोंगा वाजवायला सुरुवात केली, मग आणखी एकाने. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत होता. मामाने हात वर करून सगळ्यांना थांबवून धरलं होतं.

"उलटलं," तो म्हणाला. "पान उलटलं तिने. चल आता."